या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत: वाटांसाठीच्या सामूहिक पदभ्रमणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटाच्या एका किनाऱ्यावरून पहाटे निघायचं, मधली डोंगररांग ओलांडायची आणि उजेड असेतो समोरच्या किनाऱ्यावर पोचायचं. त्यानिमित्त जो पैसा गोळा होईल तो त्याच बेटावरच्या वाटांच्या डागडुजीला द्यायचा. अशा ट्रेकमध्ये मी अनेक वर्षं स्वयंसेवक आहे. कधी पुढे असते, बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे. नोंदणी सुरू झाली की दरवेळी साधारण तेच प्रश्न येतात. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बेट कुठलंही असलं तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

ही शर्यत असते का?

नाही. वेळ लावली जात नाही, नंबर काढले जात नाहीत. सगळे गटाने निघतात आणि गटानेच पोचतात. ज्यांना वेगात जायचं आहे त्यांच्यासाठी डोंगरातल्या धावण्याच्या वेगळ्या शर्यती असतात. इथे पुढे पळणारा माणूस लीडरची काळजी वाढवतो, बाकी काही साधत नाही.

वाटेला पैसे कशाला लागतात? वाट तर पायांनीच पडते ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला तो मनापासून आवडतो, कारण या सगळ्या खटाटोपाचं मूळ त्यातच आहे.

पायांनी वाट पडते हे खरं. पण ती पडताना पाण्याचा विचार कुणी केलेला नसतो. घाईतला माणूस सरळ चढतो आणि पावसाचं पाणी सरळ उतरतं. दोघांनी एकच रेघ धरली की वाट आणि ओहोळ यांत फरक राहत नाही. पहिल्या पावसात बोटभर चर पडतो. पुढच्या काही पावसाळ्यांत त्याची गुडघाभर घळ होते, माती निघून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात आणि तळाशी उरतो तो घसारा. मग लोक घळीच्या काठाने चालू लागतात आणि तिथे दुसरी घळ सुरू होते.

म्हणून वाट आखणारे एक साधा हिशेब पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही. डोंगर शंभर मीटरला चाळीस मीटर चढत असेल तर वाट वीसच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि अख्ख्या वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राखायची. अशी आडवी-तिरकी गेलेली वाट पाणी ओलांडून जातं, तिच्यातून वाहत नाही. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, साधारण ५ टक्के, झुकता ठेवतात. ठरावीक अंतरावर वाट थोडी उतरवून पुन्हा चढवतात, म्हणजे जमा झालेलं पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं. जुनी सरळ वाट बदलता येणारच नसेल तर दगडी पायऱ्या बांधतात आणि वाटेत तिरपे दगड किंवा ओंडके रोवून पाणी बाजूला वळवतात.

आणि इथे खरी मेख आहे. हे तिरपे बांध गाळाने भरतात. वर्षातून निदान एकदा कुणीतरी कुदळ-फावडं घेऊन जाऊन तो गाळ काढावा लागतो. नाही काढला तर बांध असून नसल्यासारखा होतो आणि पाणी त्याच्यावरून वाहत पुन्हा जुनी रेघ धरतं. नव्या पुलासाठी देणगीदार सहज मिळतात, कारण पुलाचा फोटो निघतो. चर साफ करण्याचा फोटो निघत नाही. सामूहिक ट्रेकमधून येणारा पैसा मला म्हणूनच मोलाचा वाटतो: तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी करायच्या कामाला लावता येतो.

बेटावर या सगळ्याला वाहतुकीचा भार पडतो. लाकूड, सिमेंट, हत्यारं, कधी कधी दगडसुद्धा बोटीने येतात, मग धक्क्यापासून पुढे पाठीवर. दुर्गम ठिकाणी फळ्यांचे गठ्ठे हेलिकॉप्टरने सोडावे लागतात. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट गेलेली दिसली की मी क्षणभर थांबते आणि ती एकेक फळी इथवर कशी आली असेल याचा विचार करते.

मोठ्या संकटानंतरचा खर्च तर वेगळाच. कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावर वाइतुकुबुली नावाची वाट आहे, १४ टप्प्यांची, सुमारे १८५ किलोमीटरची. २०१७ साली मारिया चक्रीवादळाने त्या बेटाचं जंगल झोडपून काढलं. वाट पडलेल्या झाडांखाली आणि कोसळलेल्या दरडींखाली गाडली गेली, आणि पुढे ती थोडी थोडी करून मोकळी करावी लागली.

इतके लोक एकदम चालले की वाट आणखी बिघडत नाही का?

बिघडू शकते. वाट वाचवायला आलेल्या पायांनीच ती बिघडू नये, हीच आमच्या सगळ्या नियमांमागची काळजी आहे. जे नियम जाचक वाटतात त्यांतले बहुतेक इथून आलेले आहेत.

आधी एक गोष्ट समजून घ्या. रुळलेल्या, घट्ट वाटेवर आणखी शंभर माणसं गेली तर फारसा फरक पडत नाही. पण न मळलेल्या गवतावर, शेवाळ्यावर किंवा वाळूच्या टेकडीवरच्या झुडपांवर पहिल्या थोड्याशा पावलांतच बहुतेक नुकसान होऊन जातं. तेव्हा माणसांचा आकडा मोठा की लहान यापेक्षा ती माणसं वाटेवर राहतात की नाही, याला जास्त महत्त्व आहे.

यावरून पुढचं सगळं येतं. वळणं तोडून सरळ उतरायचं नाही. दोघांनी जोडीने चालत गप्पा मारायच्या नाहीत, एकामागे एक चालायचं. गप्पा रुंद रस्त्यावर. आणि चिखल लागला तर त्याच्या मधूनच जायचं. हे शेवटचं लोकांना पटत नाही. प्रत्येक जण बूट वाचवायला अर्धं पाऊल बाजूने जातो, कडेचं गवत मरतं, चिखल रुंद होतो, मागचा आणखी अर्धं पाऊल बाहेर जातो. दोन फुटांची वाट अशीच दहा फुटांचा राडा होते. बूट धुता येतात. खचलेली कड परत उभी करायला वर्षं लागतात.

गट लहान ठेवतात आणि अंतराने सोडतात, तेही याचसाठी. आणि जोरदार पाऊस होऊन माती भिजून फुगली असेल तर आयोजकांनी ट्रेक पुढे ढकलावा, असं माझं ठाम मत आहे, मग बोटी ठरलेल्या असोत वा नसोत.

निघण्याआधी बूट घासायला का लावता? माझे बूट नवे आहेत.

नवे असतील तर उत्तम, तरी तळ दाखवा.

बेटावरची झाडं आणि प्राणी समुद्राने वेगळे पडून वाढलेले असतात. बाहेरचं तण, बाहेरची बुरशी यांच्याशी त्यांची ओळख नसते आणि प्रतिकारही नसतो. हे सगळं आपल्याबरोबर बुटांच्या खाचांतून येतं. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ च्या उन्हाळ्यात विमानाने उतरलेल्या २५९ प्रवाशांचे बूट तपासले, तेव्हा त्यांतून १,०१९ बिया निघाल्या, म्हणजे माणशी जवळजवळ चार. त्या रुजवून पाहिल्या तर सुमारे पाव हिस्सा रुजला. यातल्या कुणालाही आपण बी घेऊन आलो आहोत याची कल्पना नव्हती.

बुरशीची आणि बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांची गोष्ट आणखी गंभीर आहे. न्यूझीलंडमधली कौरी ही प्रचंड, शेकडो वर्षं जगणारी झाडं मुळांना लागणाऱ्या एका रोगाने मरतात आणि तो रोग मातीतून पसरतो. बुटाला चिकटलेला मातीचा लहानसा गोळाही त्याला पुरतो. त्यापायी ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगररांगेतलं जंगल २०१८ मध्ये लोकांसाठी बंद करावं लागलं. जिथे वाटा पुन्हा उघडल्या तिथे तोंडाशीच बूट घासायची आणि जंतुनाशक लावायची सोय आहे. हवाईमध्ये ओहिया या झाडावर एक बुरशीजन्य रोग आला आहे. तिथे जंगलात शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर बुटांची माती काढून ७० टक्के अल्कोहोल फवारायला सांगतात.

तेव्हा ब्रश हातात घ्या. खाचांतली माती काडीने काढा, मोज्यांत आणि वेलक्रोच्या पट्ट्यांत अडकलेली कुसळं उपटा, सॅकचे खिसे उलटे करून झटका, काठीचं टोक पुसा. माती धक्क्यावरच्या कचरापेटीत टाका, पाण्यात नको. हे बोटीत चढण्याआधी करायचं आहे, उतरल्यावर नाही.

अंतर किती असतं? मला जमेल का?

अंतर बेटावर अवलंबून. काही बेटं सकाळी निघून दुपारी ओलांडता येतात, काहींना दिवस पुरत नाहीत. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटाची आरपार वाट साधारण ६२ किलोमीटरची आहे आणि लोक ती तीन ते पाच दिवसांत करतात. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरची जीआर २० ही वाट सुमारे १८० किलोमीटर, तीही खडकाळ डोंगरधारेवरून. एका दिवसाचे निधी ट्रेक यापुढे फार लहान असतात. वीस-पंचवीस किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा आवाका.

पण नुसते किलोमीटर बघू नका, चढ बघा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला अंदाज आजही उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे २४ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर पावणेपाच तास अधिक एक, असे पावणेसहा तास. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. गटात थांबे येतात, बुटाच्या नाड्या सुटतात, कुणाला फोड येतो. मी सरळ तीन-चतुर्थांश वेळ वाढवून दहा तास धरते, आणि तो बरोबर येतो.

बेटाची एक खोड लक्षात ठेवा. तुम्ही समुद्रसपाटीपासून निघता आणि समुद्रसपाटीलाच उतरता. जेवढं चढलात तेवढं सगळं उतरायचं आहे, तेही दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्यात, थकलेल्या गुडघ्यांनी. दम चढावर लागतो, पण माणसं जायबंदी होतात ती उतारावर.

जमेल का, याची परीक्षा घरबसल्या होत नाही. ट्रेकच्या महिनाभर आधी, त्याच बुटांत, तेवढंच ओझं घेऊन दोन-तृतीयांश अंतर चालून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना नीट उतरता आला तर या.

तयारी कशी करू?

आठ ते दहा आठवडे हातात ठेवा. आठवड्यात तीनदा भरभर चालणं, सुट्टीच्या दिवशी एक लांब चाल, आणि ती दर आठवड्याला थोडी वाढवायची. जवळ डोंगर नसेल तर जिने. चढणं आणि उतरणं दोन्ही करा. बरेच जण जिना चढून लिफ्टने खाली येतात आणि मग उतारावर मांड्या थरथरतात. शेवटचा आठवडा हलका ठेवा. हृदयाचा, दम्याचा, साखरेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि नोंदणीच्या अर्जात तसं लिहा. लपवू नका. तुम्हाला काढून टाकण्यासाठी आम्ही ते विचारत नाही. स्वीपच्या, म्हणजे सगळ्यांत मागे चालणाऱ्या स्वयंसेवकाच्या, पिशवीत काय असायला हवं ते कळावं म्हणून विचारतो.

बूट कोणते घालू? फोड येऊ नयेत म्हणून काय करू?

सवयीचे. यापलीकडे सल्ला देणं अवघड आहे, कारण पाय प्रत्येकाचा वेगळा. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला लवकर फोड येतो.

फोड अचानक येत नाही. आधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. त्या क्षणी थांबायचं, मोजा काढायचा, वाळू झटकायची, चिकटपट्टी लावायची. दोन मिनिटांचं काम. पण गट पुढे जाईल, लोक काय म्हणतील, या संकोचाने माणूस चालत राहतो आणि तासाभराने लंगडतो. कृपा करून थांबवा आम्हाला. मागे चालणाऱ्या स्वयंसेवकाला फोडासाठी थांबण्याचा कंटाळा कधीच येत नसतो.

पाणी किती घेऊ?

बेताच्या हवेत तासाला अर्धा लिटर हा अंदाज धरा, उन्हात त्याहून जास्त. दिवसभराच्या ट्रेकला तीन ते चार लिटर. वाटेत ओढा मिळेल या भरवशावर राहू नका. लहान बेटांवर ओढे लवकर आटतात आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. आयोजकांनी मध्ये पाण्याची सोय केली असेल तर ती बेटावरच्या लोकांच्या साठ्यातून होत नाही ना, हे जरूर विचारा. उन्हाळ्यात बेटावर पाणी मोजून वापरलं जातं.

उलट टोकही धोक्याचं आहे. भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. हे सगळं पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं आणि लोक त्याला आणखी पाणी पाजतात. म्हणून तहानेप्रमाणे प्या, सोबत खारं काहीतरी खात राहा, ओआरएसच्या दोन पुड्या खिशात ठेवा.

मी मागे पडले तर?

तर मी तुमच्याबरोबर असेन, किंवा माझ्यासारखं कुणीतरी.

गट असा चालतो: पुढे लीडर, ज्याच्यापुढे कुणी जायचं नाही. मागे स्वीप, ज्याच्यामागे कुणी राहायचं नाही. मध्ये मोठ्या गटात आणखी दोघं-तिघं. वाट फुटते त्या प्रत्येक ठिकाणी लीडर थांबतो किंवा कुणाला तरी उभं करतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तो तिथून हलत नाही. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजली जातात. आणि एक नियम मी कधीच सैल होऊ देत नाही: मागचे पोचले की लगेच "चला" म्हणायचं नाही. पुढचे बसून ताजेतवाने झालेले असतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज आहे तो नुकता आलेला असतो. त्याला पाच मिनिटं बसू द्या.

गटाचा वेग सर्वांत सावकाश माणसाचा, हे मान्य नसेल तर गटात येऊ नका. हे कठोर वाटेल, पण यात तडजोड करून पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत.

मध्येच सोडता येतं का?

काही ठरावीक ठिकाणीच. बेटाच्या मधल्या भागात अनेकदा गाडीरस्ता नसतो, त्यामुळे आयोजक दोन किंवा तीन जागा आधीच ठरवतात जिथे गाडी किंवा बोट येऊ शकते. त्या कुठे आहेत हे निघताना विचारून घ्या आणि तिथे पोचल्यावर स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. "बघू पुढे" म्हणून निघालात तर पुढची जागा तीन तासांवर असते. तिथे थांबलेल्या माणसाच्या नावाची देणगी परत जात नाही. लोकांनी ती वाटांसाठी दिलेली असते.

सोडताना स्वीपला सांगितल्याशिवाय जाऊ नका. एकदा एक गृहस्थ ओळखीची गाडी दिसली म्हणून न सांगता निघून गेले. ते जेवून झोपले होते आणि आम्ही आठ जण बॅटऱ्या घेऊन रात्री त्यांना खिंडीत शोधत होतो.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक का पाठवता? आपण तर डोंगर ओलांडणार आहोत.

कारण सुरुवात किंवा शेवट बऱ्याचदा पुळणीवरून किंवा कड्याखालच्या खडकांवरून असतो. ओहोटीला तिथे ऐसपैस वाट असते. भरतीला पाणी थेट कड्याला लागतं. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं. म्हणून ट्रेकची तारीख ठरवताना आम्ही आधी तिथी बघतो, मग सुट्टी. पोचायची जी वेळ दिली असेल ती पाण्याची वेळ आहे, आमच्या सोयीची नाही.

परतीची बोटही याच हिशेबात बसते. ती चुकली तर दुसरी असतेच असं नाही. एका रात्रीपुरतं गरम काहीतरी, औषधं आणि चार्जिंगची सोय सॅकमध्ये असू द्या.

हवा बिघडली तर?

समुद्र खवळला की बोट सुटत नाही, प्रश्न मिटला. अवघड असते ती मधली अवस्था: बोट सुटते, पण धारेवर ढग आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडून खाली यायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, एकमेकांत अंतर ठेवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढायचं नाही. हा निर्णय लीडरचा. त्यावर मतदान होत नाही.

धुकं हा बेटावरचा दुसरा पाहुणा. समुद्रावरून अर्ध्या तासात येतं आणि खुणेचे दगड दिसेनासे होतात. तेव्हा पुढच्याची पाठ दिसेल एवढ्याच अंतरावर चाला.

शौचाची सोय काय?

निघण्याच्या आणि पोचण्याच्या ठिकाणी असते. मध्ये गरज पडली तर पाणी, वाट आणि थांबायची जागा यांपासून किमान साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत; दुहेरी पिशवीत घालून परत आणायचे. काही बेटांवर माती इतकी पातळ असते, किंवा जमिनीत पक्ष्यांची बिळं इतकी असतात, की खणायलाच मनाई असते. तिथे सगळंच परत आणायचं, त्यासाठी पिशव्या देतात. लाजू नका, आधी विचारा.

मुलांना आणि कुत्र्याला आणू का?

मुलं: दहा-बारा वर्षांची, चालायची सवय असलेली, आणि सोबत पालक. लहानांसाठी काही ठिकाणी किनाऱ्याजवळची छोटी फेरी ठेवतात, तीही वाटांसाठीच असते.

कुत्रा: नको. कितीही शहाणा असला तरी. बेटांवरचे पुष्कळ पक्षी जमिनीवर किंवा जमिनीत घरटी करतात, कारण तिथे मांसाहारी प्राणी नव्हतेच. वेल्सजवळच्या स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची जगातली सगळ्यांत मोठी वसाहत आहे आणि ते बिळांत राहतात. जमीन आतून पोकळ. वाट सोडून टाकलेल्या एका पावलाने बीळ आतल्या पिल्लासकट खचू शकतं, म्हणून तिथे माणसांनाही वाट सोडायची परवानगी नाही. विणीच्या काळात कुत्रा नुसता जवळ आला तरी पक्षी घरट्यावरून उठतात, आणि उघडी अंडी उन्हाने किंवा दुसऱ्या पक्ष्यांमुळे जातात.

स्पीकर आणि ड्रोनलाही याच कारणासाठी नकार आहे.

लोकांच्या जमिनीतून जाताना काय पाळायचं?

देशोदेशी कायदा वेगळा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालायचा हक्क आहे, तिथली बेटंही त्यात आली. इतर अनेक ठिकाणी आपण मालकाच्या मेहेरबानीने चालत असतो आणि ती एका उघड्या राहिलेल्या फाटकामुळे संपू शकते. फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. रचलेल्या दगडांच्या भिंतींवर चढू नका. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटाच्या ओल्ले वाटा २००७ पासून आखल्या गेल्या. "ओल्ले" म्हणजे रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत जाणारी अरुंद बोळ. अशा वाटेवर आपण कुणाच्या तरी दारावरून चाललेलो असतो, आणि आवाज तेवढाच ठेवावा.

निधी गोळा करायला मला संकोच वाटतो. कसा मागू?

बहुतेकांना वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. एक उपाय कामाला येतो: "देणगी द्या" असं मोघम मागू नका. आयोजकांना विचारा की यंदा कुठल्या टप्प्याचं काम आहे, तिथला बिघडलेल्या वाटेचा फोटो घ्या, आणि तो दाखवून सांगा की इथे अमुक इतक्या पायऱ्या बसवायच्या आहेत, मी त्यासाठी चालणार आहे. लोकांना काय होणार आहे ते दिसलं की हात सैल सुटतो. वर्षभराने दुरुस्त वाटेचा फोटो त्याच लोकांना पाठवा. न विसरता. दुसऱ्या वर्षी मागावं लागत नाही.

निधी जमला नाही तरी यायला हरकत नाही, जर आयोजकांनी किमान रकमेची अट घातली नसेल. नोंदणी करण्याआधी ते वाचून घ्या.

पैसे खरंच वाटेवर खर्च होतात हे कसं कळणार?

विचारायचं. मागच्या वर्षीचा हिशेब, कामाच्या जागेचं नाव, आणि नोंदणी शुल्कातून ट्रेकचा खर्च भागतो की देणग्यांतून, एवढं विचारा. बोट, जेवण, टी-शर्ट हे शुल्कातून निघावं आणि देणगी वाटेवर जावी, ही सरळ पद्धत. मी आणखी एक प्रश्न विचारते: यातला किती भाग नव्या वाटेला आणि किती देखभालीला? नवी वाट काढणाऱ्याकडे पुढच्या पाच वर्षांच्या गाळ काढण्याची तजवीज नसेल तर तो बेटाला आणखी एक घळ देऊन जाणार आहे. टी-शर्ट नको असेल तर तसं कळवा, तेवढे पैसेही वाचतात.

मला एवढं चालता येत नाही. तरी काही करता येईल का?

पुष्कळ. पाण्याच्या थांब्यावर, नोंदणीच्या टेबलावर, बूट घासायच्या जागी माणसं कायम कमी पडतात. आणि श्रमदानाच्या दिवशी या. वाट-दुरुस्तीची हत्यारं हातात धरून बघण्यासारखी असतात: पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं, मॅक्लाउड, एका बाजूला जाड दात्यांची दंताळी आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं. दोन्ही मुळात जंगलातल्या आगी आवरण्यासाठी बनलेली. अर्ध्या दिवसात एक माणूस दोन-तीन बांधांचा गाळ काढू शकतो, आणि पुढच्या पावसात पाणी वळलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो.

पोचल्यावर काय करायचं?

हजेरी द्या, म्हणजे तुमच्या नावापुढे खूण होईल आणि शोध सुरू होणार नाही. पाणी प्या, मोजे बदला. वाटेत कुठे कड खचलेली, खुणेचा दगड पडलेला किंवा बांध भरलेला दिसला असेल तर त्याचा फोटो आणि जागा तिथल्या वहीत लिहा. पुढच्या कामाची यादी या वहीवरूनच होते. आणि बोटीत चढण्याआधी बूट पुन्हा घासा. ब्रश धक्क्यावर उजव्या हाताला, बादलीत ठेवलेले असतात.